आधी अंगठा, मग निवाडा

मंगळू कारभाऱ्यानं हात मागे घेतला तेव्हा मी तिथं होतो. पेठ तालुक्यातला करंजपाडा, १९७८ सालचा वैशाख, भर दुपार. इतकी वर्षं झाली, तरी तो हात डोळ्यांपुढं आला की माझा चहा कपातल्या कपात गार होतो. आणि चहा गार होऊ देणाऱ्यांतला मी नव्हे, हे तहसील कचेरीसमोरच्या हॉटेलवाल्याला खुशाल विचारा.

पण असं मधूनच उचलून सांगितलं तर तुम्ही म्हणाल, म्हातारा चळला. मुळापासून सांगतो.

मंगळू हा करंजपाड्याच्या पाच पंचांतला मुख्य. उंचीनं बेताचा, कानात बाळ्या, डोक्याला त्याच्या अंगापेक्षा मोठं मुंडासं. त्याची बायको धोंडाबाई चारचौघांत म्हणायची, "आमच्या लग्नात मला आधी मुंडासं दिसलं. त्याच्याखाली माणूस हाय, हे दुसऱ्या दिवशी कळलं." पाड्यात बांधावरून, बकरीवरून, नवराबायकोच्या काडीमोडीवरून भांडण झालं की पाड्याच्या शिवेवर ऐनाच्या झाडाखाली पंच बसायचे. तिथंच वाघदेव. सागाची जाड फळी, तिच्यावर कोरलेला वाघ, वर चंद्र-सूर्य, सगळ्याला शेंदूर. बोलणाऱ्यानं त्या वाघाच्या डोक्यावर हात ठेवायचा आणि म्हणायचं, "खोटं बोललो तर यानं मला न्यावं." गेणू नावाच्या एकानं शेजाऱ्याचा बोकड आपला म्हणून शपथ घेतली होती. तिसऱ्या दिवशी बिबट्यानं गोठ्यातून नेमका तोच बोकड नेला. गेणू पुढं वर्षभर जेवतानासुद्धा खरं बोलायचा.

मी त्या काळात पेठच्या तहसील कचेरीच्या ओट्यावर स्टॅम्प विकायचो आणि अर्ज, करारनामे लिहून द्यायचो. तालुक्यातलं प्रत्येक भांडण माझ्या ओट्यावरून जायचं, त्यामुळं वर्तमानपत्रावर खर्च करण्याची वेळ माझ्यावर कधी आली नाही.

तर एकाहत्तर साली मंगळूला नाशिकच्या कोर्टातून साक्षीचं समन्स आलं. जंगलातल्या सागाच्या चोरीचा खटला होता. अकरा तारखा पडल्या. अकरा वेळा हा माणूस एसटीनं घाट चढून नाशिकला गेला आणि कोर्टातल्या बाकावर बसून आला. दहा वेळा त्याला कुणी काही विचारलं नाही. पण तो रिकामा बसणारा नव्हे. पुकारा कसा होतो, शपथ कशी देतात, कागदावर सही कुठं घेतात, सगळं त्यानं बघून ठेवलं. अकराव्या तारखेहून परतला तो थेट माझ्या ओट्यावर. चेहरा उतरलेला.

"वेंडरदादा, एक माणूस देवाची शपथ घेऊन धडधडीत खोटं बोलला. मी समोर होतो."

"मग?"

"मग काय नाय! खाली उतरला, पान खाल्लं, गेला!" मंगळूला हे पचत नव्हतं. दोन घोट चहा घेऊन म्हणाला, "पण कागद त्यांचा लय पक्का हाय. एकदा लिवला की कुणी हलत नाय. आपल्याकडं उलटं. शपथ पक्की, कागद नाय. निवाडा झाला तरी चार वर्षांनी बेटे म्हणतात, असं ठरलंच नव्हतं."

"मग दोन्ही एकत्र कर," मी आपलं चेष्टेत म्हणालो.

या माणसानं ते खरंच केलं. शपथ वाघदेवाची, कागद सरकारचा. दोन्ही बाजूंचं ऐकायचं, पंचांनी निवाडा द्यायचा आणि तो स्टॅम्पवर लिहून घ्यायचा. एका बांधाच्या भांडणात तर नाशिकच्या कोर्टानं तो कागद आपसातली तडजोड म्हणून मान्य केला आणि दावा निकाली काढला. त्या दिवसापासून मंगळूचं मुंडासं आणखी एका वेढ्यानं वाढलं. सुरगाण्याकडून माणसं त्याच्यापुढं भांडायला येऊ लागली.

आता त्यानं स्वतःच्या डोक्यानं काढलेली एक रीत सांगतो, कारण सगळं तिच्यावरच फिरलं. निवाडा विरुद्ध गेला की माणूस अंगठा द्यायला तयार होत नसे. म्हणून मंगळूनं ठरवलं: आधी अंगठा, मग निवाडा. भांडणाऱ्या दोघांनी सुरुवातीलाच कोऱ्या स्टॅम्पवर अंगठे उठवायचे. जो काय निवाडा होईल तो आम्हाला कबूल, असा त्याचा अर्थ. निवाडा नंतर वरच्या कोऱ्या जागेत लिहायचा. मला ही युक्ती इतकी आवडली की मी स्वतः त्याला शाईचं पॅड भेट दिलं. हे मी का सांगतोय ते पुढं कळेल.

शहात्तर साली देवराम आणि बारकू या दोन सख्ख्या भावांत पाण्याच्या पाटावरून भांडण झालं. दोघांनी कोऱ्या कागदावर अंगठे दिले. निवाड्याच्या आधीच एका लग्नात दोघं शेजारी बसून जेवले, आणि भांडण मिटलं. कागद कोराच राहिला. तो मंगळूनं आपल्या पत्र्याच्या पेटीत टाकला. बारकू हा मंगळूचा जावई, त्याच्या चांगुणाचा नवरा. हे ध्यानात असू द्या.

दुसऱ्या वर्षी भादव्यात देवराम तापानं गेला. मागं बायको चिमणाबाई आणि दीड वर्षाची मुलगी. देवरामच्या वाट्याला ओहोळाकाठचं भाताचं खाचर होतं, पाड्यातलं सगळ्यात चांगलं. ते असलं तर चिमणाबाई पाड्यात मानानं राहणार. नसलं तर पोरीला पाठीशी बांधून दिंडोरीकडं द्राक्षाच्या बागांत मजुरीला. मधलं काही नव्हतं.

अठ्ठ्याहत्तरच्या चैत्रात मंगळू माझ्याकडं तो कागद घेऊन आला. म्हणाला, "निवाडा तवाच झाला होता, लिवायचा राहिला. देवरामनं ओहोळाकाठचं खाचर राजीखुशीनं भावाला दिलं. तारीख तवाचीच टाक." मी मागची बाजू पाहिली. स्टॅम्प मीच विकलेला, तारीख शहात्तरची, अंगठे जागेवर. आणि सांगणारा कोण, तर मंगळू कारभारी! मी सुंदर अक्षरात लिहून दिलं. माझं अक्षर तेव्हा तालुक्यात वाखाणलं जायचं.

वैशाखात चिमणाबाई नांगरट करायला गेली तर खाचरात बारकू उभा. तिनं पंच बोलावले. स्टॅम्पची खात्री द्यायला मलाही बोलावणं आलं.

सगळा पाडा ऐनाखाली जमला. बारकूनं कागद काढून माझ्या हातात दिला. मी खाकरून मोठ्यानं वाचला. "स्टॅम्प खरा, तारीख खरी, अंगठे खरे," मी सांगितलं. तो कागद तलाठ्याकडं गेला असता तर वाटणीची नोंद विनाहरकत लागली असती. कायद्याच्या बाजूनं चिमणाबाईचं संपलं होतं.

बारकू म्हणाला, "झालं ना? आता वहिनीनं रडारड करू नये."

"रडतंय कोण, भावजी?" चिमणाबाई उठली. वय असेल बाविसाचं, आवाज असा की मागचं कुत्रं उठून बसलं. "मला वाचता येत नाय. कागद काय बोलतो ते मला ठावं नाय. ज्यानं निवाडा दिला त्यानं वाघदेवावर हात ठेवून तोंडानं सांगावं. मी इथूनच दिंडोरीची वाट धरते."

माणसं कुजबुजली. पंचाला शपथ? असं कधी झालं नव्हतं. गेणू, तोच बोकडवाला, मागून ओरडला, "शपथ आम्हाला आणि कारभाऱ्याला काय जास्वंदीचं फूल? ठेव की हात, मंगळूबाबा! एका शब्दाचं काम!"

लोक हसले. मीही हसलो. मंगळू उठला. मुंडासं काढून ठेवलं. त्या डोक्यावर केस अगदी थोडे होते, हे मी पहिल्यांदाच पाहिलं. फळीपुढं बसला, उजवा हात उचलला. हात वाघाच्या डोक्यापर्यंत गेला. चार बोटांचं अंतर राहिलं असेल.

आणि तिथं तो थांबला.

आम्ही वाट बघत होतो. मग त्यानं हात हळूहळू मागं ओढला, विस्तवाजवळून ओढावा तसा, आणि मांडीखाली दाबून धरला.

धोंडाबाई गर्दीतून पुढं आली. नवऱ्याच्या तोंडाकडं बघून एवढंच म्हणाली, "अवो, हे काय?"

"निवाडा झालाच नव्हता," मंगळू जमिनीकडं बघून म्हणाला. "देवरामनं काय दिलं नाय. कागद कोरा होता. बारकू म्हणाला, खाचर नाय मिळालं तर तुझ्या पोरीशी काडी मोडतो. मी लिवून घेतलं."

अक्षर माझं! नाशिकच्या कोर्टात खोटं बोलणाऱ्याला बघून ज्याला चहा गोड लागेना, त्या माणसानं माझ्याकडून मेलेल्याच्या नावावर खोटं लिहून घेतलं होतं, आणि मी काना-मात्रा तपासत बसलो होतो. बारकू गर्दीतून सटकायला लागला, तर त्याची स्वतःची बायको चांगुणा त्याचं धोतर धरून उभी. "बस खाली," ती म्हणाली. "काडी मोडायची तर मी मोडीन. घाई काय तुला?"

मंगळू घरी गेला तो पेटी घेऊनच परत आला. आत आणखी सात कोरे कागद, सगळ्यांवर अंगठे. आता दुसराच गोंधळ. कुठला अंगठा कुणाचा? जो तो आपला अंगठा उन्हात धरून कागदाशी जुळवायला लागला. सात घरांची शेतं त्या पेटीत उघडी पडली होती, आणि इतकी वर्षं हे कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं. पॅड भेट देणाऱ्या शहाण्याच्याही नाही. मंगळूनं आठही कागद वाघदेवापुढं पेटवले. महाराष्ट्र शासनाचे स्टॅम्प माझ्या डोळ्यांदेखत जळत होते आणि मी फुंकणी शोधत होतो.

आता शिक्षा. चौघे पंच एकमेकांकडं बघू लागले. मुख्यालाच शिक्षा कशी द्यायची, याची रीतच नव्हती. एकजण म्हणाला, वाळीत टाका. दुसरा म्हणाला, नाशिकला फौजदारी करा. शेवटी म्हणाले, जिचं नुकसान तिनं सांगावं.

चिमणाबाई म्हणाली, "कोर्टाचं हाच सांगत असतो. तिथं नेलं तर हा शपथ घेईल, पान खाईल आणि सुटंल. तिथं वाघदेव कुठं हाय?" मंगळूनं मान वर केली नाही. "माझ्या खाचरात नांगर धरायला माणूस नाय. दर साली चिखलणी यानं करावी, अंगात ताकद हाय तोवर. आणि कारभारी हाच राहील."

"हाच?" गेणू किंचाळला.

"मग कोण, तू? याचा हात निदान आडला तरी. फक्त यापुढं कागद आधी वाचायचा, मग अंगठा."

ते मी तिथंच नवीन स्टॅम्पवर लिहिलं. मोठ्यानं वाचलं. चिमणाबाईनं दोनदा वाचायला लावलं, मग मंगळूनं अंगठा दिला. चांगुणानं काडी मोडली नाही, पण बारकू त्यानंतर घरात हळू बोलायचा.

मंगळू गेला सत्त्याऐंशी साली. त्याआधीच्या पावसाळ्यात मी करंजपाड्याला गेलो होतो. ऐनाखाली कुणी नव्हतं. ओहोळाकाठच्या बांधावर दोन भाऊ तावातावानं भांडत होते, आणि खाली गुडघाभर चिखलात, मुंडाशाशिवाय, सत्तरीचा मंगळू बैलांमागं चालत ऐकत होता. माझ्या पिशवीत स्टॅम्प बघून भावांनी अंगठे पुढं केले.

"आधी बोला!" मंगळू खालून ओरडला.

बांधाच्या दुसऱ्या टोकाला चिमणाबाई रोपाच्या जुड्या बांधत बसली होती. "बाबा, बैल थांबले," ती म्हणाली. मंगळूनं चाबूक उचलला आणि पुढं चालू लागला.