पैकीच्या पैकी

आमच्या घरात ‘नाही’ कुणी म्हणत नाही, ‘बघू’ म्हणतात. लग्न होऊन बोईसरजवळच्या सरावलीतल्या त्या फ्लॅटमध्ये आले तेव्हा मला वाटलं, बघू म्हणजे खरंच बघणार आहेत. बी.एड. करू का? बघू. माहेरी चार दिवस जाऊन येऊ का? बघू. सासूबाई जिल्हा परिषदेच्या शाळेतून मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झालेल्या, नवरा रेल्वेत. दोघंही सज्जन. दोघांचा आवाज चढलेला मी कधी ऐकला नाही. भांडायचं तर समोर कुणीतरी भिंतीसारखं उभं लागतं. इथे म्हणजे उशीवर डोकं आपटायचं, लागतही नाही आणि आवाजही होत नाही. बाहेरच्या बायका म्हणायच्या, नशीब काढलंस बाई. मी नुसती हसायचे.

त्यामुळे २०१९मध्ये पाहणीचं काम मला मिळालं ते जवळजवळ चुकूनच. सासूबाईंच्या ओळखीतल्या एका बाईंनी विचारलं, तुमची सून शिकलेली आहे, सरकारी काम आहे, काही महिन्यांचंच आहे. ‘सरकारी’ या शब्दाला आमच्याकडे फार मान. शिवाय समोर बसलेल्या बाईंना ‘बघू’ म्हणणं बरं दिसलं नसतं. सासूबाई ‘हो’ म्हणाल्या आणि त्या बाई जाईपर्यंत मी स्वयंपाकघरात श्वास रोखून उभी होते.

काम असं होतं. देशभर सगळीकडे तेच प्रश्न विचारायचे. माणूस दिवसभरात काय काय करतो, कामात किती वेळ जातो, विरंगुळ्याला किती उरतो, आणि सगळ्यात शेवटी, एकंदर आयुष्यात तुम्ही किती समाधानी आहात ते एक ते दहामध्ये सांगा. उत्तरं टॅबमध्ये भरायची. पालघरला ट्रेनिंग झालं. आमच्या मॅडम करड्या होत्या. त्यांनी एक गोष्ट आमच्या डोक्यात ठोकून ठोकून बसवली, की ज्याला विचारायचं त्याला एकट्याला गाठून विचारायचं. नवऱ्यादेखत बायको खरं बोलत नाही आणि सासूदेखत सून तर नाहीच नाही. आम्ही सगळ्या जणी माना डोलावून हसलो.

मला वाटून दिलेली गावं होती तलासरीची आणि डहाणूच्या आतली. माझ्यासोबत बोईसरची एक पोरगी असायची, माझ्यापेक्षा बरीच लहान, बिनलग्नाची, तोंडाने फटकळ. आम्ही डहाणू रोडहून शेअर जीपने निघायचो. त्या वर्षी तलासरीच्या बाजूला जमीन अधूनमधून हलायची, लोक अंगणात ताडपत्र्या बांधून झोपायचे. सासूबाई रोज सकाळी विचारायच्या, आज पण तिकडेच? मी म्हणायचे, हो आई, आजच्या दिवस. तो ‘आजच्या दिवस’ मी कितीतरी दिवस चालवला.

पहिल्याच आठवड्यात उधवा गावात माझी फजिती झाली. प्रश्न होता, दिवसात मोकळा वेळ कधी मिळतो. समोर एक तरुण बाई, तिच्या शेजारी तिची सासू, दारात नवरा आणि कुंपणाशी अर्धा पाडा. एकटीला गाठायचं म्हणे! मी आपली शहाणी, प्रश्न सोपा करायला गेले आणि विचारलं, ‘ताई, तुम्ही मोकळ्या कधी होता?’ ती लाजून खाली बघायला लागली. उत्तर सासूने दिलं. ‘झाली ना मोकळी, होळीच्या आधी. पोरगी झाली.’ आणि खात्री पटावी म्हणून झोळीतलं बाळ उचलून माझ्या मांडीवर ठेवलं. आता मोकळी होणं म्हणजे बाळंत होणं, हे मला काय माहीत नव्हतं? माझी आईसुद्धा तसंच म्हणायची. पण हातात टॅब आला की माणूस आपलीच भाषा विसरतो. मी बाळाला सांभाळत म्हटलं, ‘तसं नाही हो, हातात काही काम नसतं असा वेळ विचारतेय.’ दोघी विचारात पडल्या. मग सून म्हणाली, ‘आजारी पडते तवा.’ त्यासाठी टॅबमध्ये रकाना नव्हता.

समाधानाच्या प्रश्नाला तर सगळ्यांचं ठरलेलं उत्तर, ‘बेस हाय.’ चिकूच्या वाडीत मजुरीला जाणारी बेस, सीमेपलीकडे गुजरातेत कंपनीत रात्रपाळी करणारा बेस, आणि जिचं छप्पर उडालेलं तीही बेसच. टॅबला बेस कळत नाही, त्याला आकडा लागतो. शेवटी आम्ही दोघींनी आपसात ठरवून टाकलं, बेस म्हणजे सात, आणि नुसतं ‘हाय’ म्हटलं तर पाच. मॅडमना हे कळलं तेव्हा त्यांनी आम्हाला असं झापलं की बोईसरची पोरगी रडायचीच बाकी राहिली. आकडा त्यांच्याच तोंडून आला पाहिजे, म्हणाल्या.

मग सायवनला मी एकीला हातपंपावर गाठलं, अगदी एकटीला. घर लांब होतं, आसपास कुणी नव्हतं. ‘आता खरं सांगा,’ मी म्हटलं, ‘कुणी ऐकत नाहीये.’ तिने घराच्या दिशेने बघितलं, हंडा कमरेवर घेतला आणि म्हणाली, ‘बेस हाय बाय.’ मला इतका राग आला. जीपमध्ये मी तणतणत होते, बायका अशा कशा गं, विचारणारी समोर उभी असून बोलत नाहीत. पोरगी शेंगदाणे खात म्हणाली, ‘ताई, तुमचं काय जातंय?’

काय जात होतं ते मी तिला सांगितलं नाही. त्या कामात मी जिवंत झाले होते. उन्हाने काळी पडले, पायाला भेगा पडल्या, पण एसटी स्टँडवर एकटीने उभं राहून गरम भजी खाण्यात काय सुख असतं ते ज्याला रोज मिळतं त्याला नाही कळायचं. संध्याकाळी जीप सरावलीच्या फाट्याला आली की माझ्या छातीवर कुणीतरी हळूच दगड ठेवल्यासारखं व्हायचं.

पाऊस सरता सरता मॅडमनी मला बाजूला घेतलं. पुढच्या कामाला सुपरवायझर हवी होती. पालघरचं ऑफिस, लांबलचक करार, आणि महिन्यातून काही दिवस जव्हार-मोखाड्याकडे मुक्काम. ‘तुझं नाव मी देते,’ त्या म्हणाल्या, ‘पण घरी विचार आणि सोमवारी मला नक्की सांग. नंतर रडगाणं नको.’ मी घरी विचारलं. सासूबाई म्हणाल्या, ‘बघू.’ हे म्हणाले, ‘आई काय म्हणते बघू.’ सोमवार यायला थोडेच दिवस उरले होते आणि मी देवाला काय काय कबूल केलं ते आता सांगायची लाज वाटते.

आणि नेमकी त्याच आठवड्यात पाहणीसाठी सरावलीतली घरं निघाली. चिठ्ठ्या टाकल्यासारखी घरं आपोआप निवडली जातात, त्यात आमची बिल्डिंग निघाली, आणि बिल्डिंगमध्ये आमचाच फ्लॅट. स्वतःच्या घराचं काम स्वतःला करता येत नाही, म्हणून बोईसरची पोरगी येणार होती. मी तिला गुपचूप सांगितलं, दुपारी ये, आई झोपलेल्या असतात. पण सासूबाईंनी ठरवून टाकलं, रविवारी बोलाव, रविवारी आम्ही सगळे असतो. त्यांनी पोहे केले, चांगली साडी नेसल्या आणि खुर्च्या अशा मांडल्या की मला शाळेतली तपासणीच आठवली.

पोरीने आधी त्यांनाच विचारलं. त्यांनी वर्गात सांगावं तसं सगळं सावकाश सांगितलं, मध्येच तिला ‘लिहिलंस का?’ म्हणून विचारलं. समाधान किती? ‘नऊ,’ त्या म्हणाल्या. ‘पैकीच्या पैकी मी कधी कुणाला दिले नाहीत.’ मग ह्यांची पाळी. हे म्हणाले, ‘आठ.’ सासूबाईंनी चष्म्यावरून बघितलं. ‘आठ? दोन मार्क कशाचे कापलेस?’ हे घाईघाईने म्हणाले, ‘घरचे नाही गं आई, ड्यूटीचे. रात्रपाळीचे.’ सासूबाईंचं समाधान झालं नाही. शेवटी नऊवर तडजोड झाली. तेव्हा माझ्या ध्यानात आलं की सासूबाईंना हा प्रश्नच वेगळा ऐकू येत होता. आयुष्यभर मार्क दिलेले, त्यामुळे दहापैकी म्हटल्यावर त्यांच्या लेखी ही घराची परीक्षा होती आणि आम्ही सगळे मिळून त्यांनाच मार्क देत होतो.

‘काकू,’ पोरगी म्हणाली, ‘ताईंना जरा एकटीला विचारायला लागेल. नियम आहे.’

‘एकटीला कशाला? आम्ही काय परके आहोत?’ सासूबाई हसून म्हणाल्या आणि पोह्यांची बशी तिच्यापुढे सरकवली.

पोरगी माझ्याकडे बघत होती. माझा सगळा दिवस सासूबाईंनीच सांगितला. मी किती वाजता उठते, दुपारी कशी जरा पडते, संध्याकाळी कशी टीव्ही बघत बसते. घरी असते त्या दिवशीही दुपारी मी पडत नाही, त्यांच्या झोपेत आवाज होऊ नये म्हणून पलंगाच्या कडेला नुसती बसते. पण तिथे ते कुठे बोलू? मग शेवटचा प्रश्न आला. खरा आकडा माझ्या जिभेवर होता, चार. चारही जरा जास्तच. पण चार म्हटलं असतं तर सहा मार्क कशाचे कापले याचा हिशेब मला तिथेच, पाहुणीदेखत, द्यावा लागला असता, आणि मग सोमवारी कुठला होकार? मी भराभर विचार केला. सासूबाईंना खूश करावं. बाई खूश झाली की नकार देणं तिला जड जाईल.

‘दहा,’ मी म्हटलं.

पोरीचं बोट टॅबवर थांबलं. ‘नक्की ना ताई?’

‘दहा लिही गं.’

 सासूबाईंनी माझा हात हातात घेतला, इतक्या वर्षांत पहिल्यांदा, आणि त्यांचे डोळे भरून आले. वारलेल्या सासऱ्यांनीही त्यांना कधी असं काही म्हटलं नसावं. मला त्यांची खरोखर माया वाटली आणि माझी स्वतःची चीड आली, दोन्ही एकदमच. दुपारी त्या समोरच्या गुजराती बेनच्या दारात उभ्या राहून सांगत होत्या, माझ्या सुनेने मला पैकीच्या पैकी दिले. बेन म्हणत होती, ‘बहु सरस, बहु सरस.’

तापल्या तव्यावर पोळी भाजून घ्यावी म्हणून संध्याकाळी मी चहा केला, आलं घालून, त्यांना आवडतो तसा, आणि विषय काढला. ‘आई, मॅडमना उद्या सांगायचंय.’

त्यांनी चहाचा घोट घेतला. या वेळी त्या ‘बघू’ म्हणाल्या नाहीत. ‘अगं, कशाला आता?’ त्या मायेने म्हणाल्या. ‘घरात ज्यांना काही कमी असतं त्या बाहेर पडतात. तू तर आज सगळ्यांसमोर सांगितलंस. मला खरं वाटत नव्हतं, उगीच मनात यायचं, ही पोरगी इथे कंटाळली तर नसेल. आज जिवाला बरं वाटलं.’

मी ह्यांच्याकडे बघितलं. ह्यांनी पेपरमधून मान वर केली. ‘आई चुकीचं काय बोलते? तूच तर दहा म्हणालीस.’

सोमवारी मॅडमना फोन लावला तेव्हा सासूबाई समोरच मेथी निवडत बसल्या होत्या. ‘मॅडम, मला नाही जमणार,’ मी म्हटलं.

‘का? घरी काही त्रास आहे का?’

सासूबाईंचा मेथी निवडणारा हात थांबला. ‘नाही नाही,’ मी म्हटलं, ‘घरी सगळं छान आहे.’

‘मग झालं तर,’ मॅडम म्हणाल्या. ‘घरी सगळं छान असेल तर तुला यायला अडचण काय आहे?’

‘बघू, मॅडम,’ मी म्हटलं. त्यांनी फोन ठेवला.