जमलं की जेवली

मला एचआयव्ही आहे. नवऱ्याकडून आला. तो गेला, मी राहिले. सुरतेत लिंबायतमध्ये खोली आहे, साड्यांना लेसपट्टी लावते, रात्री जेवण झालं की एक गोळी घेते. त्या आजारापेक्षा मला गुडघे जास्त छळतात. एवढं सांगून टाकलं म्हणजे पुढचं मोकळेपणी बोलता येईल.

सरकारी दवाखान्यात आमची औषधं मिळतात. तिथे नव्या बायकांशी बोलायला आमच्यासारख्या जुन्या बायकांना बसवतात. माझं शिक्षण चौथीपर्यंत. गोळी गिळायला आणि दुसरीला गिळायला लावायला चौथी पुष्कळ झाली.

मध्यंतरी तिथल्या एका ताईने सगळ्यांच्या मोबाईलमध्ये एक ॲप टाकून दिलं. गोळीची वेळ झाली की ते घंटी वाजवायचं आणि गोड आवाजात सांगायचं, "आपकी दवा का समय हो गया है." आमची घरं एका खोलीची. सासू, दीर, नणंद सगळे तिथेच. पहिल्याच दिवशी एकीच्या दिराने विचारलं, "कसली दवा, वहिनी?" ती म्हणाली, "जाहिरात आहे." दुसऱ्या दिवशी जाहिरात बरोबर त्याच वेळेला वाजली. तिने ॲप काढून टाकलं, आणि मग हळूहळू सगळ्यांनीच काढलं.

त्याच्या जागी मी व्हॉट्सॲपचा ग्रुप काढायला लावला. नाव ठेवलं 'लेसपट्टी काम'. आमच्यातल्या निम्म्या जणींना लिहिता येत नाही, म्हणून सगळं बोलून पाठवायचं. रात्री मी विचारायची, "जमलं का गं बायांनो?" जिने गोळी घेतली तिने म्हणायचं, "जमलं." नाही घेतली तर, "नाही जमलं," मग तिला मी फोन करायची. बाजूला कोणी ऐकलं तरी त्याला वाटणार, साडी पुरी झाली का विचारतात. एकीच्या नणंदेने तर लेस लावायचा भाव विचारला. तिला एक गठ्ठा काम मिळवून दिलं. दुसरं काय करणार?

त्या ग्रुपात एक नवी पोरगी आली. पोटुशी होती, तपासणीत आजार कळला. नवराही गोळ्यांवर होता, पण तो आपल्या गोळ्या बमरोलीला लूमच्या कारखान्यात कामावर नेऊन तिथेच घ्यायचा. घरी सासूला दोघांचंही माहीत नव्हतं. पोरीने रोज गोळी घेतली तर बाळाला आजार लागू नये याची चांगली आशा होती. नाही घेतली तर नव्हती. डॉक्टरीणबाईंनी तिला हे नीट सांगितलं होतं आणि तिच्यावर लक्ष ठेवायला मला सांगितलं होतं.

पोरगी रोज न चुकता उत्तर द्यायची. आम्ही 'जमलं' म्हणायचो, ती 'जमली' म्हणायची. सुरतेत जन्मलेली, गुजराती शाळेत शिकलेली. या पोरींचं मराठी असंच, म्हणून आम्ही हसून सोडून दिलं. एकदा म्हणाली, "जमली, मावशी. खिचडी-कढी." ग्रुपातल्या बायांना वाटलं, पोरगी गमतीची आहे. एकीने उत्तर दिलं, "आमच्याकडे शेवभाजी." मग एक दिवस आलं, "आज नाही जमली, उपास आहे."

मी फोन केला. म्हणाली, "काळजी नका करू मावशी, उद्या सकाळीच जमेन." मला ते बोलणं खटकलं, पण कशामुळे ते कळेना.

दुसऱ्या दिवशी दुपारी भेंडी घ्यायला गेले. आमची भाजीवाली गुजराती. तिने नेहमीसारखं विचारलं, "जम्या के, मासी?" म्हणजे जेवलात का. मी हो म्हटलं आणि हातातली भेंडी हातातच राहिली. इतकी वर्षं सुरतेत राहून माझ्या डोक्यात उजेड पडला नव्हता. पोरगी आम्हाला तिच्या जेवणाची खबर देत होती. गोळीची नव्हेच. शब्दाचा अर्थ सगळ्यांना ठाऊक, म्हणून तिला तो कोणी सांगितलाच नव्हता.

मी साड्यांचा गठ्ठा बगलेत मारला आणि रिक्षा करून तिच्या घरी गेले. दार सासूने उघडलं. आमच्याच खानदेशातली, बोलायला खणखणीत.

"कोन शे व माय?"

"लेसपट्टीचं काम द्यायला आले. सुनेला शिकवते."

"शिकाड, माय. पन तिले काहीच पचत नही."

पोरीला मी ओट्यावर उजेडात बसवलं, साडीचा काठ तिच्या हातात दिला आणि हळू आवाजात विचारलं, "गोळी घेतेस का?"

"पहिले काही दिवस घेतली. उलटी व्हायची. सासूबाई विचारायच्या, कसली गोळी. मग कधी घेतली, कधी नाही."

"मग रोज 'जमली' कशाला म्हणायचीस?"

"तुम्ही जेवण विचारायचात ना? मला वाटलं, किती प्रेमळ बायका आहेत. माझ्या आईनेसुद्धा रोज विचारलं नाही."

मला हसू आलं आणि रागही आला. म्हटलं, "आम्ही कोणी प्रेमळ नाही. तू काय खाल्लंस याच्याशी आम्हाला काही घेणं नाही. पोटातल्या बाळाला हे लागायला नको असेल तर गोळी गिळ. उलटी झाली तर मला सांग, भिंतीला सांगू नकोस."

ती रडेल असं वाटलं होतं, पण तिने विचारलं, "आणि सासूबाई?"

मी आत गेले. म्हातारी कांदा चिरत होती. म्हटलं, "आक्का, सुनेला डॉक्टरांनी रोजची गोळी दिली आहे. बाळासाठी आहे. ती चुकवते."

मी सांगितलेलं खोटं नव्हतं, फक्त अर्धं होतं. उरलेलं सांगायचं की नाही ते पोरीने ठरवायचं.

म्हातारीने विळी बाजूला सारली. "चुकाडस? मना नातूनी गोयी चुकाडस?"

त्या दिवसापासून रात्री जेवण झालं की अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल अशी हाक उठायची, "गोयी लिधी का व?" असली घंटी कुठल्या ॲपला नाही. डॉक्टरीणबाईंनी पोरीला आधी झापलं, मग उलटीचं औषध दिलं. म्हणाल्या, अजून वेळ आहे, आता एकही चुकवू नको. तिने चुकवली नाही. चुकवू देणार कोण?

मुलगी झाली. 'नातू' म्हणणाऱ्या म्हातारीने पेढे वाटले ते वाटलेच. बाळाला दवाखान्याचं औषध पाजलं आणि दीड महिन्यांनी रक्त तपासायला दिलं. रिपोर्ट घ्यायला पोरगी मलाच घेऊन गेली. स्वच्छ निघाला. पक्कं पुढे दीड वर्षांनी कळतं, हे मी तिला तिथेच सांगितलं, कारण उगाच नाचायची सवय मला नाही.

ती लायनीतच हुंदके द्यायला लागली. मी म्हटलं, "रडायचं तर बाहेर जाऊन रड, मागे माणसं उभी आहेत." तिने बाळ माझ्या हातात दिलं आणि खरंच बाहेर गेली. बाळाने डोळे उघडून माझ्याकडे पाहिलं आणि माझी नवी साडी ओली केली.