शनिवारचं तेल आणि कुसुमचं घर

नगरला सावेडीच्या चौकात सिग्नल हिरवा झाला, मी पायानं वेग दिला, आणि मागून कुणी ढकलावं तसा गाडीनं धक्का दिला. शेजारी बसलेल्या वन्संच्या मांडीवरचा लाडवांचा डबा थेट त्यांच्या पायाशी. वन्सं म्हणजे माझी नणंद, ह्यांची धाकटी बहीण. हे गेल्यापासून आम्ही दोघी एकाच घरात राहतो आणि एकमेकींवर कुरकुरत दिवस काढतो.

"वहिनी, निघतानाच शिंकली ही," वन्सं म्हणाल्या.

मी म्हटलं, शिंकू दे, पण आज हिला डोंगरात जायचंय.

आमच्या नगर जिल्ह्यात दोन शेंड्या आहेत, बरं का. एक शेंडी मागं पडली की नगर सुटतं, आणि दुसरी आली की भंडारदऱ्याचं धरण दिसतं. मला पहिलीपासून दुसरीपर्यंत पोचायचं होतं, आणि तेही अंधार पडायच्या आत. त्या दुसऱ्या शेंडीच्या अलीकडे माझी धाकटी बहीण कुसुम राहते. राहते कसली, राहत होती म्हणायला हवं. रविवारी दुपारी तिचा मुलगा तिला कायमची नाशिकला नेणार होता. शेत वाट्यानं दिलेलं, म्हैस विकलेली. आई-वडील गेल्यावर माझं माहेर म्हणून जे काही उरलं होतं, ते कुसुमचं तेवढं घर. भाचा फोनवर म्हणाला, मावशी, तू नाशिकलाच ये की, तिथं लिफ्ट आहे. असेल बाबा लिफ्ट. पण मला कुसुमच्या चुलीशी एक रात्र बसायचं होतं, आणि रविवारनंतर ती चूल पेटणार नव्हती.

कमरेचं ऑपरेशन झाल्यापासून एसटीची पायरी मला चढवत नाही. राहिली ही गाडी. ह्यांचा डावा पाय अधू झाला तेव्हा बिनक्लचची म्हणून जुनीच घेतली होती, गिअर आपले आपण बदलतात तसली. मी पन्नाशीनंतर हिच्यावरच शिकले, त्यामुळं दुसरी गाडी मला येतच नाही. पूर्वी गिअर कधी पडला ते कळायचंसुद्धा नाही. अलीकडे मात्र बांधलेलं वासरू दाव्याला हिसडा देतं तशी ही करायला लागली होती.

पहिली शेंडी ओलांडून पंपावर थांबलो. तिथं हवा भरणाऱ्या माणसानं आवाज ऐकून बॉनेट उघडायला लावलं. गिअरचं तेल कमी झालंय, म्हणाला, पलीकडे दुकान आहे, एक डबा घ्या. मी पर्स काढली तर वन्संनी माझा हात धरला. शनिवार आहे. शनिवारी घरात तेल विकत आणायचं नाही, ही आमच्याकडची जुनी रीत. सासूबाईंनी कधी मोडली नाही, मीही नाही. गोडं तेल काय नि गाडीचं तेल काय, शनीला थोडंच वेगळं कळतंय, असं वन्संचं म्हणणं. मला पटलं म्हणा किंवा हात धजावला नाही म्हणा, तेल न घेता आम्ही पुढं निघालो.

घोडेगावाहून शिंगणापूरला वळलो, कारण वन्संना देवाला तेल वाहायचं होतं. शनिवारची गर्दी. दुकानादुकानांत तेलाच्या बाटल्यांच्या रांगा, रुईच्या पानांच्या माळा, काळे कापड, नारळ. वन्संनी बाटली घेतली. मी म्हटलं, आता कशी चालली खरेदी? तर म्हणाल्या, देवाचं तेल आपल्या घरी येत नाही. दर्शन झालं. बाहेर एका टपरीवर पिठलं, बाजरीची भाकरी आणि मिरचीचा खरडा (तव्यावर भाजून रगडलेली मिरची) खाल्ला. जेवताना वन्संची खात्री झाली होती की आता गाडी सरळ येणार.

सोनई सोडली आणि गाडी सरळ यायचं काही लक्षण दिसेना. दोन्हीकडे ऊस उभा, रस्त्यात बैलगाड्या, मधे मधे हळू व्हावं लागायचं, आणि प्रत्येक वेळी पुन्हा वेग घेताना धाडकन हिसका. राहुरी जवळ आली तसं नवंच सुरू झालं. इंजिन ओरडतंय, काटा वर जातोय, आणि गाडी मात्र जागच्या जागी रेंगाळतेय. पिठाच्या गिरणीचा पट्टा चाकावर घसरावा तसं. मागून उसाचा ट्रॅक्टर हॉर्न देतोय. वेळेचं गणित डोक्यात, आणि कुसुमचा दोनदा फोन येऊन गेलेला, कुठवर आलीस अक्का म्हणून.

राहुरीच्या अलीकडे एका गॅरेजपाशी कशीबशी लावली. मालक रशीदभाई, दाढी पांढरी, कानावर पेन. गाडी बघूनच हसला. म्हणाला, मावशी, अशा गिअरच्या गाड्या माझ्याकडं वर्षात दोन येतात, त्यातली एक मी हात जोडून परत पाठवतो. आधी त्याला वाटलं इंजिनाचं रबर गेलंय (इंजिन ज्यावर बसतं ते). मला ब्रेक दाबून गिअर टाकायला लावलं, इंजिन किती हलतं ते पाहिलं, आणि मान हलवली. रबर धडधाकट होतं. मग मला म्हणाला, तुमीच सांगा, ही कवा कवा तरास देती.

आता हे मला सांगता येत होतं. मी काही शाळेत गाडीशास्त्र शिकले नाही, पण रोज बसते तिच्यात. सकाळी थंड असताना एकदाच हिसका देते, मग बरी चालते. तापली की दर खेपेला. सपाटीवर कमी, चढाला जास्त. आणि आजपासून घसरायला लागलीय. रशीदभाईनं पुण्यातल्या मेव्हण्याला फोन लावला, माझं बोलणं त्याला जसंच्या तसं सांगितलं, आणि मग इंजिन चालू ठेवूनच तेलाची पट्टी उपसली. पट्टीच्या टोकाला कसंबसं तेल. लाल असायचं ते चहाच्या चोथ्यासारखं झालेलं. मी वास घेतला, तर दिवाळीत तीन-तीनदा तळणीला वापरलेल्या तेलाचा असतो तसा करपट. खाली वाकून त्यानं बॅटरी मारली. तेल थंड करणाऱ्या पुढच्या जाळीकडं जाणाऱ्या नळीची पकड ढिली झाली होती, तिथून थेंब थेंब गळत होतं. पकड आवळली.

"आता लाल तेल टाकाय लागंल," तो म्हणाला. "सगळं जुनं काडत न्हाई. एकदम सगळं नवं भरलं तर म्हातारा गिअर बसून जातो. निम्मं बदलू."

मी वन्संकडं बघितलं. पुन्हा तेच. शनिवार. मी रशीदभाईला सांगितलं की आमच्यात आज तेल घेत नाहीत. तो हसला नाही. म्हणाला, उद्या सकाळी या मग, मी गाडी आत घेतो, इथं राहुरीत माझ्या बहिणीकडं तुमची झोपायची सोय करतो. उद्या सकाळी म्हणजे कुसुमचं सामान टेम्पोत चढताना मी राहुरीत. मी मोबाईल हातात घेतला. येत नाही म्हणून सांगायला कुसुमचा नंबर काढला.

वन्सं उठल्या. बाकावर पर्स ठेवून बसल्या होत्या, ती उघडली आणि रशीदभाईपुढं उभ्या राहिल्या.

"तेल मी घेतेय. माझ्या नावानं टाका," त्या म्हणाल्या. "वहिनी, माझा नवरा गेला, भाऊ गेला. शनीला माझ्याकडून अजून काय न्यायचंय? तुमची बहीण आहे तोवर जा."

मी मोबाईल पर्समध्ये टाकला. आभार मानले असते तर रडले असते, आणि वन्संना ते आवडत नाही.

निम्मं जुनं तेल काढलं, लाल तेल घातलं. मधे मधे गाडी चालू करून गिअरचा दांडा प्रत्येक जागी फिरवायला लावला. निघताना रशीदभाईनं बजावलं, घाटात दांडा दोनवर धरा, वर खाली करू देऊ नका तिला. कोल्हार, लोणी, संगमनेर. लोणीपर्यंत मी श्वास धरून होते. मग सोडला. हिसका पुरता गेला नव्हता, पण नुसती खूण राहिली होती.

अकोले गाव सोडलं की देश संपतो आणि डोंगर सुरू होतात. पिवळी पडलेली खाचरं (भाताचे बांध घातलेले तुकडे), काही कापलेली, काही उभी. राजूरच्या चढाला दांडा दोनवर. गाडी हळू, पण एका आवाजात चढत राहिली. धरणाचं पाणी दिसलं तेव्हा ऊन डोंगराआड गेलं होतं. कुसुम रस्त्यावरच उभी होती, डोक्यावरून पदर, हातात कंदील नव्हता की काही नव्हतं, नुसती उभी.

त्या रात्री आम्ही तिघी चुलीशी. काळभात (काळ्या तुसाचा, वासाचा तांदूळ) आणि हुलग्यांचं पिठलं. घरात सामान बांधलेलं, भिंतींवर चित्रांच्या जागी चौकोन उरलेले. भाचा मधेमधे येऊन झोपा आता म्हणायचा. आम्ही आईबद्दल बोललो, वडिलांच्या पायात एकदा मोडलेल्या काट्याबद्दल बोललो, आणि नाशिकबद्दल एक शब्द नाही. वन्संना कुसुमनं आपलंच पांघरूण दिलं.

सकाळी मी तिला गाडीत बसवून धरणाला वळसा घातला. ती खिडकीतून प्रत्येक वाडीचं नाव घेत होती, जणू मला माहीत नव्हती.

दुपारी टेम्पो पुढं गेला. भाच्याची गाडी घोटीच्या रस्त्याला लागायची, माझी राजूरच्या. कुसुमनं काच खाली केली आणि नेहमीसारखं म्हणाली, "संक्रांतीला ये गं अक्का." म्हटलं आणि तिचं तिलाच उमगलं. ये म्हणजे आता कुठं? भाच्यानं गाडी सोडली.

उतारावर माझी गाडी अशी चालली की गिअर पडल्याचं कळेना. वन्संचा डोळा लागला. राहुरीत थांबले, कारण रशीदभाईनं तेल पुन्हा बघतो म्हटलं होतं. पट्टी काढली, लाल होती. खूश झाला. म्हणाला, पुण्याला नेऊन एकदा पुरता उघडून घ्या मावशी, म्हंजे फुडच्या टायमाला घाटात दोनवर धराय नको.

मी म्हटलं, नको. सावेडीत भाजी आणायला एवढी पुरते.