दोऱ्याचं दुसरं टोक

लेक अडीच वर्षांची होईपर्यंत मी तिचं कौतुक सांगत फिरायचे. मोबाइल कसा उघडते, जाहिरात आली की बरोबर कोपऱ्यात बोट लावून कशी घालवते. माणिकपूरच्या फ्लॅटमध्ये मी लॅपटॉपसमोर ऑफिसच्या मीटिंगा करायचे आणि ती शेजारी मोबाइल बघत मुकाट्यानं वरणभात गिळायची. इतकं गुणी मूल कुणाला नको असतं?

गुणी कसलं! ती बोलतच नव्हती. इंग्रजी रंगांची नावं घडाघडा म्हणायची, पण तहान लागली की माझा हात धरून पाण्याच्या फिल्टरपाशी न्यायची. मला एकदाही 'आई' म्हणून हाक मारली नव्हती. डॉक्टरांनी कान तपासले, ते ठीक निघाले. मग म्हणाले, "आधी मोबाइल बंद करा आणि तिच्याशी बोला. तीन महिन्यांनी बघू." मला राग आला, कारण ते खरं होतं. कळत मलाही होतं, वळत नव्हतं.

महिनाभर रजा टाकून निर्मळला, माझ्या आईकडे जाऊन राहिले. पहिले चार दिवस लेकीनं घर डोक्यावर घेतलं. घास थुंकून टाकले, मला चावली. पाचव्या दिवशी मीच हरले आणि मोबाइल काढला. आईनं तो हातातून घेतला, कपाटात ठेवला आणि किल्ली कमरेला खोचली. त्यानंतर ऑफिसचे मेसेज बघायला मला सकाळी अर्धा तास मोबाइल मिळायचा. या वयात!

आईची मोगऱ्याची वाडी आहे. पहाटे कळ्या खुडायच्या आणि मग ओटीवर बसून गजरे करायचे. दोरा पायाच्या अंगठ्याला अडकवून ताणला तरच गाठ नीट बसते. आईनं अंगठ्यातला दोरा काढला आणि नातीच्या मुठीत दिला.

"माझा अंगठा दुखतो. तू धर. सोडशील तर फुलं कोन वेचील?"

तिच्या अंगठ्याला काहीएक झालं नव्हतं.

लेक दर दोन मिनिटांनी दोरा सोडायची. कळ्या सांडायच्या आणि तिलाच वेचायला लागायच्या. तिला कळी चिमटीत धरता येत नव्हती, ती नुसतं बोटानं सरकवायची. ते बघून मला रडू यायचं. आई मात्र रागवायची नाही, सारखी बोलत राहायची. "ही कळी मोठी की ती?" असं विचारून थांबायची. उत्तर येत नसे, तरी थांबायची. मी लेकीला कितीतरी प्रश्न विचारले होते, थांबले मात्र कधीच नव्हते.

हळूहळू चिमूट जमली. दोराही बराच वेळ ताठ राहू लागला. किंचाळणं पूर्ण गेलं नव्हतं, पण कमी झालं होतं.

तिसऱ्या आठवड्यात एका सकाळी मी ओटीच्या पायरीवर माझा अर्धा तास वसूल करत होते. खांद्याला काहीतरी टोचलं. मान वळवली तर लेक दोरा मुठीत घट्ट धरून, पायाला पाय चिकटवून उभी होती.

"आई," ती म्हणाली. मग तिनं मूठ माझ्या नाकापुढे आणली. "आई, धर. शू."

मोबाइल कुठे टाकला, आठवत नाही. मी दोरा धरला आणि ती मोरीकडे पळाली.

"सैल सोडू नको," माझी आई मान वर न करता म्हणाली. मला समोरचं काही दिसत नव्हतं, तरी मी दोरा ताणून धरला.