डावी बाजू वर

करंदीकर बाईंच्या जपानीच्या वर्गात शिरायचं तर उंबऱ्याबाहेर गुडघे टेकून बसावं लागे. मग हवेतलं एक दार दोन्ही हातांनी हळूच सरकवायचं, वाकून नमस्कार करायचा आणि मगच आत जायचं. खरं दार तिथे होतंच, कर्वेनगरातल्या कुठल्याही फ्लॅटला असतं तसं, कडीचं, आणि ते सताड उघडं असे. पण बाईंच्या मते जपानी भाषा सरकत्या दारातूनच आत येते. कमरेला पेजर लावलेले सॉफ्टवेअरवाले तरुण स्वारगेटहून बसने यायचे आणि जिन्यात ओळीने गुडघ्यांवर बसायचे. समोरच्या बिऱ्हाडातले आजोबा रोज विचारायचे, "काय हो, आजही काही हरवलंय का?"

दोन हजार साल उजाडलं की सगळे संगणक झोपणार, अशी तेव्हा हाकाटी होती आणि जपानी कंपन्यांना पुण्यातली माणसं हवी होती. त्या ओळीत मीही होते. अडतिशीची, दोन मुलांची आई, नुकतेच केस कापलेली आणि त्यामुळे आपण फार आधुनिक झालो अशी समजूत असलेली. आज माझी नातवंडं मला मोबाइल शिकवताना जो चेहरा करतात, तोच मी तेव्हा बाईंसमोर करत असे.

जपानीत 'हो'ला 'हाय' म्हणतात. मला तो शब्द फार आवडला, कारण तो कुठेही खपायचा. बाईंनी पहिल्याच महिन्यात मला पकडलं. "शैला, मुळशीकडची माणसंही हाय म्हणतात. पण त्यांना काय हाय ते ठाऊक असतं. तुझं नुसतंच हाय."

बाई स्वतः जपानी शिकल्या त्या एका आजींकडून. खडकीच्या एका कारखान्यात यंत्रं बसवायला आलेल्या जपानी इंजिनिअरची ही आई, डोंगरातल्या कुठल्याशा खेड्यातली. दुपारी तिला करमत नसे आणि बाईंना नवं काही शिकल्याशिवाय चैन पडत नसे. ते कुटुंब परत गेलं आणि बाई शिकवायला लागल्या. सरकतं दार, तातामी म्हणजे गवताच्या चटया, गरम पाण्याचे झरे, सगळं त्या फळ्यावर काढून दाखवत. "तातामीला पेंढ्याचा वास येतो, असं आजी म्हणायच्या," हे त्या प्रत्येक तुकडीला सांगत. 'आजी म्हणायच्या' एवढाच त्यांचा पुरावा, कारण बाई स्वतः जपानला कधी गेल्या नव्हत्या.

पुढे माझ्या सॉफ्टवेअर कंपनीने मला वर्षभरासाठी टोकियोला पाठवलं आणि मी बाईंना बोलावून घेतलं. पहिल्याच दिवशी दुकानात त्यांनी रुमाल दाखवायला सांगितला. विक्रेती मुलगी डोळे मिचकावत राहिली, मग तोंडावर हात धरून हसली आणि इंग्रजीत उत्तर दिलं. वळून मैत्रिणीशी काहीतरी कुजबुजली.

"काय म्हणाली गं?"

मी हुशार ना, भाषांतर करून टाकलं. "म्हणाली, काही कळलं नाही."

स्टेशनवर गाडीची वाट पाहताना बाई बराच वेळ पर्सच्या बंदाशी चाळा करत होत्या. मग म्हणाल्या, "शैला, तुम्हा सगळ्यांना मी एका म्हातारीच्या भरवशावर शिकवलं. ते सगळंच चुकीचं असेल तर?"

"असं काय हो बाई," मी ताप आलेल्या मुलाला समजावतात त्या आवाजात म्हणाले. त्यानंतर बाई जपानीचा एक शब्दही बोलल्या नाहीत. बोट दाखवून चहा मागवायच्या. आयुष्यभर जी भाषा शिकवली, तिच्याच देशात मुक्या झाल्या.

मी ठरवलं, यांना आता गरम पाण्याच्या झऱ्यावर न्यायचं. डोंगरात बर्फ पडलं होतं. तिथलं ते जुन्या वळणाचं अतिथिगृह, ऱ्योकान म्हणतात त्याला, नदीच्या काठाला धरून उभं होतं आणि त्याच्या मागून वाफा निघत होत्या, जणू आख्खा डोंगरच चुलीवर ठेवलाय. आत जागोजागी पाट्या: चपला इथे, अंग आधी धुवा, कपडे घालून पाण्यात उतरू नये. बाईंनी सगळ्या वाचल्या आणि पहिल्यांदा थोडं हसल्या. "आपलीच माणसं."

खोलीचं दार मात्र त्यांनी उभ्याने उघडलं नाही. गुडघे टेकले, दोन्ही हात लावले आणि दार सरकवलं. ते खरंच सरकलं. बाई तशाच पुढे झुकल्या आणि तातामीला नाक लावलं. मी सामान घेऊन मागे उभी. त्यांनी मान वर केली तेव्हा त्यांचे डोळे भरले होते. "पेंढाच," एवढंच म्हणाल्या.

खोलीत आमच्यासाठी युकाता ठेवले होते, सुती झगे, पुढून एकावर एक बाजू घेऊन बांधायचे. मी झटकन गुंडाळला आणि ऐटीत खोलीबाहेरच्या पॅसेजमध्ये आले. समोरून मालकीणबाई येत होत्या, साठीच्या, किमोनोतल्या. मला पाहून जागीच थबकल्या. मग अतिशय हळू आवाजात एक लांबलचक, अदबीचं वाक्य बोलल्या. माझं जपानी संगणकाचं. प्रोग्राम कुठे अडला, काम कधी संपणार, एवढंच. मला ओ की ठो कळेना. मी म्हटलं, "हाय." त्यांनी दोन्ही हात किंचित पुढे केले, पुन्हा काही विचारलं. "हाय, हाय," म्हणत मी स्नानघराकडे निघाले.

"अगं थांब," मागून बाईंचा आवाज आला. "काय हाय? उजवी बाजू वर घेऊन इथे फक्त प्रेताला नेसवतात. अपसव्य केलंयस तू. श्राद्धाला जानवं दुसऱ्या खांद्यावर घेतात ना, तसंच. जिवंत माणसाची डावी बाजू वर. ती बिचारी विचारतेय, हात लावून नीट केलं तर चालेल का, आणि तू हाय हाय करत मसणात निघालीस."

बोलता बोलता बाई थांबल्या. आपल्याला सगळं कळलं, हे त्यांना त्या क्षणी कळलं असावं. मग त्या तिथेच जमिनीवर बसल्या, हात टेकले आणि जपानीत बोलू लागल्या. विद्यार्थिनीच्या वतीने क्षमा मागत होत्या, एवढं मला उमगलं. वाक्यं इतकी सुरेख वळणं घेत होती की मी माझा झगा विसरले.

मालकीणबाईही खाली बसल्या. मग जे बोलल्या ते बाईंनी मला नंतर सांगितलं: "असं माझ्या सासूबाई बोलत. त्या गेल्यापासून या घरात हे शब्द कुणी उच्चारले नाहीत. मलाही जमत नाहीत. आपण कुणाकडून शिकलात?"

बाईंनी आजींचं नाव सांगितलं. मालकीणबाई त्यांना ओळखत नव्हत्या. कशा ओळखतील, जपान म्हणजे काय नारायण पेठ आहे? पण त्यांनी पुन्हा एकदा वाकून, कपाळ जमिनीला लावून नमस्कार केला. "हा त्या आजींना," म्हणाल्या.

मग आम्ही पाण्यात उतरलो. आधी मी गाऊन घालून निघाले होते. बाई म्हणाल्या, "पाटी वाच." उघड्यावरचं कुंड, गंधकाचा वास, गळ्यापर्यंत कढत पाणी आणि वरून बर्फ. बाईंच्या पांढऱ्या केसांवर ते पडत होतं आणि केस कुठले, बर्फ कुठलं ते समजत नव्हतं. बाई समोरच्या डोंगराकडे बघत म्हणाल्या, "कळलं गं तिला."

निघताना मालकीणबाईंनी बाईंना एक युकाता भेट दिला. जानेवारीच्या थंडीत बाई तो साडीवरून घालून शिकवायच्या. जिन्यातल्या पोरांचे गुडघे पहिल्यापेक्षा जास्त वेळ टेकायला लागले. "मी गेल्यावर मला हाच घाला," त्या म्हणायच्या, "आणि घालायला शैलालाच बोलवा. उलटा घालायचा सराव तिलाच आहे."

त्या गेल्या तेव्हा त्यांच्या भाचीने खरंच मला बोलावलं. झगा कपाटात होता, डांबराच्या गोळ्यांचा वास येत होता. मी तो त्यांच्या अंगाभोवती घेतला आणि त्या दिवशीचा धडा पक्का बसलेल्या हातांनी डावी बाजू वर आणली. नीट, अचूक, त्यांनीच शिकवल्यासारखी.

अगं थांब.

मी थांबले. दोन्ही बाजू पुन्हा सोडल्या, डावी आत घेतली, उजवी वर ओढली आणि पट्टा बांधला. मग गुडघे टेकून म्हटलं, "हाय, बाई." काय हाय ते या वेळी मला ठाऊक होतं.