मागच्या सीटचं माप

मास्तरांनी आयुष्यात दोनच गोष्टींबद्दल खोटं बोलायचं ठरवलं होतं: कपडा कधी तयार होणार आणि गिऱ्हाईक किती जाड आहे. पहिलं खोटं सगळेच शिंपी बोलतात, त्याचं पाप लागत नाही. दुसरं मात्र मास्तरांनी स्वतः कमावलेलं होतं. कमरेला टेप लावायची, चाळीस इंच दिसले की खणखणीत आवाजात ‘अडतीस’ म्हणायचं आणि कापड गपचूप चाळीसचं बेतायचं. गिऱ्हाईक नवा कपडा घालून आरशासमोर उभं राहायचं, बटण सहज लागलं म्हणून खूश व्हायचं आणि पुढच्या खेपेला भावाला घेऊन यायचं. वीस वर्षं दुकान या दोन इंचांवर चाललं होतं. भिंतीवरचा आरसाही किंचित तिरका टांगलेला होता, पण त्याबद्दल मास्तर म्हणायचे, खिळाच तसा बसलाय.

सासूबाईंच्या बाबतीत मात्र दोन इंचांवर भागलं नाही. अकरा वर्षांपूर्वी, लग्न ठरल्यावर, त्या लांब कोट शिवायला म्हणून दुकानात आल्या. होणाऱ्या जावयानं सासूभोवती टेप फिरवायची म्हणजे दोघांनाही मेल्याहून मेल्यासारखं. म्हणून मास्तर म्हणाले, “आई, तुम्ही नुसत्या उभ्या राहा. मी नजरेनं घेतो.” नजर पक्की होती. नजर म्हणाली चव्वेचाळीस, तोंड म्हणालं बेचाळीस. सासूबाई वहीत डोकावून पाहत होत्या, म्हणून मग वहीतही बेचाळीसच लिहावं लागलं. त्यानंतर दरवर्षी एक कोट व्हायचा. सासूबाई भरत गेल्या, वहीतला आकडा जागचा हलला नाही, आणि कोट मात्र दरवेळी अंगाला बेतल्यासारखा बसायचा. अळीमिळी गुपचिळी.

दोन वर्षांपूर्वी सासूबाई पोस्टाच्या खिडकीवरून निवृत्त झाल्या आणि लेकीकडे राहायला आल्या. दुपारी दुकानात कोपऱ्यातल्या खुर्चीत बसून त्या काज-बटण करायच्या. शिवलेले कपडे महिनोन्महिने न नेणाऱ्या गिऱ्हाइकांना पोस्टातल्या आवाजात दम भरायच्या. मशीनची घरघर थांबली की दोघं मिळून गेलेल्या गिऱ्हाइकाची नक्कल करून हसायचे. मास्तरांना सासूबाई आवडायच्या. हे सांगितलं तर लोकांना विनोद वाटेल, म्हणून ते कुणाला सांगत नसत.

मास्तरांची बायको रक्ततपासणीच्या लॅबमध्ये कामाला. आठ वर्षांच्या मुलीनंतर तिला पुन्हा दिवस गेले, आणि सातवा महिना लागला तशी घरात गाडी घ्यायचं ठरलं. त्याच रात्री जेवताना सासूबाईंनी घोषणा केली, “बाळ आलं की मी धाकटीकडे जाईन. तिला माझी गरज आहे.”

धाकटीला आईची गरज होती असं कुणीच ऐकलं नव्हतं. धाकटी दोन खोल्यांत राहायची, त्यातली एक खोली तिच्या कुत्र्याची होती. बायको त्या दिवशी मोरीत भांडी आपटत राहिली. बाळ तीन महिन्यांचं झालं की तिला कामावर जावं लागणार, ते सांभाळायचं कुणी, हा प्रश्न होताच. पण तिला रडू आलं ते त्यासाठी नाही. आईला या घरात परकं वाटतंय, हे तिला सोसत नव्हतं. मास्तरांनाही कोपऱ्यातली खुर्ची रिकामी पाहणं जमणार नव्हतं.

बायकोनं निदान केलं. “आईला वाटतंय तिची अडचण होते. आपण तिघं स्कूटरवर जातो आणि ती मागून बसनं येते. आता गाडी घ्यायचीच आहे, तर तिला ऐसपैस बसता येईल अशी घेऊ. पहिल्याच दिवशी ती अंग चोरून बसली, तर दुसऱ्या दिवशी बॅग भरेल. लिहून ठेवा.”

पुढच्या सीटचा प्रश्न निघालाच होता, पण तिथं बसायला सासूबाईंचा साफ नकार. पुढं बसलं की रस्ता अंगावर येतो, असं त्यांचं म्हणणं. लेकीच्या लग्नाच्या दिवशी एकदा पुढं बसल्या होत्या, तर सगळी वाट डोळे मिटून, नसलेला ब्रेक दाबत आल्या होत्या. तेव्हा पुढं मास्तर आणि बायको. मागं सासूबाई, मुलगी आणि बाळाची खुर्ची. एवढं ज्या गाडीत मावेल आणि खिशालाही मानवेल, ती गाडी शोधायची होती.

जुन्या गाड्यांचा दलाल हमरस्त्याच्या कडेला पत्र्याच्या शेडमध्ये बसायचा. त्याच्याकडची प्रत्येक गाडी म्हणे एका डॉक्टरची होती, आणि त्या डॉक्टरला गाडी चालवायला कधी वेळच मिळाला नव्हता. “मास्तर, ही लाल बघा. नवी नवरी आहे.”

मास्तरांना इंजिनातलं ओ की ठो कळत नव्हतं. पण कपडा आधी उलटा करून पाहावा, एवढं कळत होतं. त्यांनी लाल गाडीच्या सीटा खालून चाचपल्या, वाकून शिवण पाहिली. “पुढच्या दोन्ही सीटांचा दोरा वेगळा आहे. मागचा कारखान्यातला, पुढचा हातचा. पुढून ठोकलीय का हो?”

दलालाला एकदम खोकला आला. डॉक्टर फार हळू चालवायचे, असं काहीतरी तो खोकत खोकत म्हणाला.

दुसरी गाडी चंदेरी, लहानशी आणि नीटस. सर्व्हिसची वही पानन् पान भरलेली, चारही टायर सारखे झिजलेले, चटई उचलली तर खाली गंजाचा ठिपका नाही. बायकोनं आरशात केस सारखे केले, तेव्हाच ती गाडी घरची झाली. शेजारच्या मेकॅनिकनं अर्धा तास कान लावून ऐकलं आणि म्हणाला, “घ्या.” तो माणूस एरवी ‘बघा’ म्हणतो.

शेडच्या टोकाला तिसरी एक उभी होती. मोहरीच्या रंगाची, उंच, चौकोनी. बायको म्हणाली, “गाडी कसली, कपाट आहे ते.” पूर्वी ती एका बँडवाल्याची होती, त्यातून ढोल आणि ढोलवाले जायचे. तिची चौकशीच कुणी करत नसल्यानं दलालाकडे तिच्याबद्दल खोटं तयार नव्हतं. “इंजिन बरं आहे, रूप नाही,” तो म्हणाला आणि स्वतःच दचकला.

मास्तरांनी खिशातली टेप काढली आणि सवयीनं दोन्ही गाड्यांच्या मागच्या सीटा मोजल्या. कपाट चोपन्न इंच, चंदेरी एकोणपन्नास. दुकानात येऊन त्यांनी वही उघडली. बसल्यावर माणूस किती जागा घेतो, याचा त्यांचा नियम ठरलेला होता: घेराचे निम्मे करायचे, त्यातून तीन वजा. हा नियम सासूबाईंनाही पाठ होता, कारण तो ते येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवायचे. मुलीचे अकरा, वाढत्या अंगाचे दोन, झाले तेरा. बाळाची खुर्ची सतरा. सासूबाई बेचाळीस, म्हणजे अठरा. सगळे मिळून अठ्ठेचाळीस. वर एक इंच मार्जिन! मास्तरांनी बेरीज मोठ्यानं वाचून दाखवली, कोपऱ्यात सासूबाई मान खाली घालून बटण लावत राहिल्या, आणि चंदेरी गाडीचं टोकन देऊन झालं.

माणूस दुसऱ्याला फसवतो तेव्हा निदान सावध असतो. पण तेच खोटं अकरा वर्षं स्वतःच्या अक्षरात वाचलं की त्यालाही ते खरं वाटायला लागतं.

घोडं अडलं शनिवारी. रविवारी गाडी आणायची, त्यासाठी सासूबाईंचा नवा कोट बेतायला घेतला होता. वही उघडी, टेबलावर करड्या रंगाचं कापड पसरलेलं. मास्तर दलालाच्या डॉक्टरांचा विचार करत खडू ओढत होते. खडू थांबला तेव्हा त्यांनी खाली पाहिलं. हातानं कुणाला न विचारता अठ्ठेचाळीसची खूण केली होती. शेजारी वहीत बेचाळीस लिहिलेलं होतं.

मास्तर स्टुलावर बसले. अठ्ठेचाळीसचे निम्मे चोवीस, उणे तीन, एकवीस. सतरा, तेरा आणि एकवीस, एक्कावन्न. गाडी एकोणपन्नास! मार्जिन राहिलं बाजूला, दोन इंच सासूबाई बाहेर.

त्यांनी दलालाला फोन करून मागची सीट दोन इंच उसवून मिळेल का, असं विचारलं. दलालानं प्रश्न पुन्हा एकदा विचारून घेतला. मग काळजीच्या सुरात म्हणाला, “मास्तर, जेवलात का?”

संध्याकाळी बायको दुकानात आली. सासूबाई दोरे आणायला बाहेर गेलेल्या होत्या. ही संधी साधून मास्तर म्हणाले, “ती चंदेरी गाडी नको. कपाट घेऊ.”

“आता? टोकन दिल्यावर? का पण?”

“चंदेरी रंग मळतो.”

“परवा तुम्हीच म्हणालात, चंदेरीवर धूळ दिसत नाही.”

“हॉर्न बारीक आहे.”

“अहो, गाडी चालवायची आहे की वाजवायची?”

“माप चुकलंय,” मास्तर पुटपुटले.

“कुणाचं?”

मास्तर भिंतीकडे पाहत म्हणाले, “बाळाच्या खुर्चीचं असेल.”

“ती मी स्वतः मोजलीय. सतरा.”

“मुलगी वाढेल.”

“तिचे दोन इंच धरलेत तुम्ही.” आणि मग बायकोच्या लक्षात आलं की मागच्या सीटवर आता एकच माणूस उरलं. तिनं आवाज खाली आणला. “अगं बाई. किती?”

“हो, किती?” दारातून आवाज आला. सासूबाई दोऱ्यांचा पुडा हातात धरून उभ्या होत्या. “मलाही ऐकू दे की.”

धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. खरं सांगावं तर सासूबाई आजच बॅग भरणार. खोटं सांगावं तर उद्या गाडीचं दार लागणार नाही, आणि त्या उद्या भरणार. वीस वर्षांत त्यांनी एकाही माणसाचं खरं माप त्याच्या तोंडावर सांगितलेलं नव्हतं, आणि सुरुवात करायची ती सासूपासून!

“अठ्ठेचाळीस,” ते म्हणाले.

सासूबाईंनी पुडा टेबलावर ठेवला. कोटाच्या कापडावरची खडूची खूण पाहिली. पुन्हा जावयाकडे पाहिलं.

“एवढंच?”

“म्हणजे?”

“मी बावन्न धरून बसले होते!” सासूबाई मटकन खुर्चीत बसल्या. “जावईबापू, अकरा वर्षं तुम्ही बेचाळीस म्हणता. मी काय आंधळी आहे? जिने चढताना मला कळत नाही का माझं मला? म्हटलं, ज्या अर्थी हा माणूस इतकं दाबून बोलतोय, त्या अर्थी आकडा सांगण्यासारखा उरलेला नाही. दहा तरी लपवत असतील. गाडीचं निघालं तेव्हाच धसका घेतला, आणि परवा तुमची बेरीज ऐकून तर खात्रीच पटली. बावन्नचे निम्मे सव्वीस, उणे तीन, तेवीस. सतरा, तेरा, तेवीस. झाले त्रेपन्न. तुमच्या चंदेरीत म्हातारी मावायची नाही. बसून सगळ्यांचा चुराडा करण्यापेक्षा आपण होऊन निघालेलं बरं.”

“म्हणून धाकटीकडे?” बायको म्हणाली.

“मग काय त्या कुत्र्यासाठी?”

बायको हसायला लागली आणि हसता हसताच आईच्या गळ्यात पडून रडली. मास्तरांना काय करावं कळेना. चार इंचांचा तो फरक त्यांनी एका शब्दात मिटवला असता, आणि त्या शब्दावाचून हे माणूस त्यांच्या घरातून निघून चाललं होतं. दया म्हणून बोललेल्या खोट्याची त्यांना पहिल्यांदाच लाज वाटली. “चुकलं माझं, आई,” ते म्हणाले. “जाऊ नका. तुमच्याशिवाय मला दुकानात करमायचं नाही.”

“चुकलंच,” सासूबाई नाक पुसत म्हणाल्या. “पुढच्या वेळी खोटं बोलायचंच असेल तर वाढवून बोला. खरं कळल्यावर माणसाला आनंद तरी होईल.”

रविवारी सकाळी मेकॅनिकनं कपाटालाही कान लावला. “दिसायला दगड आहे,” तो म्हणाला, “पण घ्या.” दलालानं टोकन इकडून तिकडे फिरवलं. नको असलेली गाडी आपण होऊन कुणीतरी मागतंय, या धक्क्यात त्यानं डॉक्टरांचं नावही काढलं नाही. बायको पुढं बसली. मागं मधोमध बाळाची रिकामी खुर्ची, पलीकडे मुलगी. सासूबाईंनी कोट सावरला, आत बसल्या आणि दार ओढलं. ते एका दमात लागलं.

गाडी शेडबाहेर पडून रस्त्याला लागली तरी सासूबाई ताठ बसून होत्या. मास्तर आरशातून पाहत होते. मुलीनं मध्ये उरलेल्या जागेत हात घालून बोटांनी मोजलं आणि ओरडली, “आजी, तीन इंच उरले!” सासूबाईंनी एकदा दाराकडे पाहिलं, एकदा नातीकडे, आणि मग इतका मोठा श्वास सोडला की समोरच्या काचेवर वाफ धरते की काय असं वाटलं. आजवर कुणाच्याही गाडीत बसल्या की त्या पोहोचेपर्यंत श्वास आत ओढून बसत, हे मास्तरांना तेव्हा कुठं कळलं.