श्रीरंगचे सात रकाने

श्रीरंग दफ्तरदारला तुम्ही ओळखत नसाल तर भाग्यवान आहात. जबलपुरात गोरखपूर नावाच्या वस्तीतल्या बाजारात आमचं ऑफिस, तिथे तो माझ्या शेजारच्या टेबलावर बसतो. पूर्वज भोसल्यांचं दफ्तर सांभाळत होते, हे तो नव्या माणसाला चहा यायच्या आधी सांगतो. सांभाळलं असेल बापड्यांनी. याने काय दिवे लावले ते मी सांगते.

आम्ही दवाखान्यांचं सॉफ्टवेअर करतो. गावच्या दवाखान्यातून पेशंटची माहिती जेसनमध्ये येते, म्हणजे रकान्याचं नाव आणि त्यापुढे मजकूर. नाव, वय, रक्तगट हे ठरलेले. पण शहपुऱ्याची नर्स अंजनीताई मनाचे रकाने काढते: 'बहू का फोन', 'कम सुनती हैं', 'ये दवा मत देना'. उद्या काय येईल, सांगता येत नाही. श्रीरंगने कोडमध्ये पेशंटचा साचा बांधला, रकाने मोजून सात. आठवं काही आलं की मुकाट्याने फेकायचं. एरर नाही, कुठे नोंद नाही.

मी म्हटलं, साच्यातच एक पिशवी ठेव, अनोळखी ते सगळं तिच्यात टाक आणि स्क्रीनवर खाली दाखव. चार ओळींचं काम. तर हा म्हणतो, "काहून कचरा गोळा करून राहिली, शैलजा?" अति शहाणा त्याचा बैल रिकामा, दुसरं काय!

फेब्रुवारीत त्याची आई तापाने फणफणली. वसुधाकाकू निवृत्त शिक्षिका, शहपुऱ्यालाच राहतात. अंजनीताईने तपासून त्यांना जबलपूरच्या मोठ्या हॉस्पिटलात पाठवलं. मीच श्रीरंगला स्कूटीवर घेऊन गेले. तिथेही आमचंच सॉफ्टवेअर, स्क्रीनवर काकूंचे सात रकाने अगदी चोख. डॉक्टरांनी पेनिसिलिन सांगितलं. सिस्टरने सुई भरली, ग्लानीत पडलेल्या काकूंची बाही वर सारली आणि थांबली. हातावर निळ्या बॉलपेनने लिहिलेलं: 'पेनिसिलिन मत देना. पिछली बार साँस रुकी थी.'

काकूंनी मुलाला हे कधी सांगितलं नव्हतं, उगाच काळजी नको म्हणून. याने तरी कधी विचारलं होतं? मी तिथूनच अंजनीताईला फोन लावला. ती म्हणाली, "दीदी, कंप्यूटर में तो हर बार लिखती हूँ. वहाँ कोई पढ़ता नहीं, इसलिए हाथ पर भी लिख देती हूँ."

श्रीरंग स्टुलावर बसून रडला. खोटं कशाला बोलू, मलाही भरून आलं. वाटलं, चला, सुधारला एकदाचा.

सोमवारी त्याने कोड बदलला. मी लगेच उघडून पाहिला. पिशवी नव्हतीच. आठवा रकाना होता: 'पेनिसिलिन', उत्तर हो किंवा नाही.

"आणि दुसऱ्या कुणाच्या आईला दुसरं औषध चालत नसलं तर?" मी विचारलं.

"तसं झालं की नववा काढू," तो म्हणाला.

मी बाहेर जाऊन अंजनीताईला पुन्हा फोन केला. म्हटलं, ताई, पेन सोडू नका.